अंगावरचे यंत्र आणि आमचे हसू

अंगावर वागवायच्या संवादयंत्रांना हसणे हे मागासपणाचे लक्षण आहे, असे अलीकडे चर्चासत्रांतून गांभीर्याने सांगितले जाते. हसणारे आम्ही सिरसाळ्यासारख्या गावातले असलो, तर निदान आधीच ठरलेले असते: अज्ञान. हे निदान आम्हांस मान्य नाही.

आन्री बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात, सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हसू येते, असे प्रतिपादन केले. एम.ए.च्या वर्गात आपण ते शिकवतो. मग प्रत्यक्ष उदाहरण समोर आले की गंभीर का होतो? १९६५ साली सुरू झालेल्या 'गेट स्मार्ट' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतला हेर पायातला बूट काढून कानाला लावतो आणि बोलू लागतो. पायातली वहाण पायातच बरी, असे मानणाऱ्या समाजाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

तो विनोद निदान जाणूनबुजून केलेला होता. २०२४ साली अमेरिकेत 'ह्यूमेन' या कंपनीने छातीवर लावायचा एक बिल्ला बाजारात आणला. किंमत ६९९ डॉलर, वर महिन्याची २४ डॉलर वर्गणी. तो तळहातावर प्रकाशाने अक्षरे उमटवी, आणि ती उन्हात नीट दिसत नसत. मराठवाड्याच्या वैशाखात हा बिल्ला लावून फिरणाऱ्या गृहस्थाची आम्ही केवळ कल्पना करू शकतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने सेवा बंद केली आणि ते बिल्ले मुके झाले.

आमच्या शेजारच्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड वस्त्र. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या या कवीने सुमारे ४० फूट लांबीच्या अशा कापडावर पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध लिहिला. तिला वर्गणी लागली नाही, आणि लिहिणारा गेल्यावरही ती मुकी झाली नाही. 'परिधान करता येणारा मजकूर' ही कल्पना भविष्यातून आली, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांनी एकदा अंबाजोगाईची एस.टी. धरावी.

मात्र आमचे हसू एका ठिकाणी थांबते. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा कळवणारी घड्याळे बांधली. हजेरी त्या नोंदींशी जोडली. चंदिगडच्या सफाई कामगारांनी २०२० साली अशाच घड्याळांविरुद्ध निदर्शने केली. छातीवरचा बिल्ला घेणारा हौसेने घेतो आणि कंटाळला की काढून ठेवतो. झाडूवाल्या बाईला ती मुभा नसते. घड्याळ तिच्याविषयी वरिष्ठांना सतत सांगत राहते. तिचे म्हणणे वरिष्ठांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम नाही. यालाही 'संवादाचे साधन' म्हणणाऱ्यांनी संवाद या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा कोशात पाहावा.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांचे अवजार करणे भाषेत आधीच झालेले आहे. उचल घेतलेल्या कोयत्याच्या मनगटावर उद्या असे घड्याळ आले, तर ते कुणाला विचारून येईल? ही शंका विज्ञानविरोधी नव्हे. मोबाइल आम्हीही वापरतो, आणि कारखान्यावर गेलेल्या आईचा आवाज गावात राहिलेल्या लेकराला त्यावरच ऐकू येतो. त्या फोनवर दोघेही बोलतात, आणि तो खाली ठेवता येतो.

तेव्हा अध्यापक मित्रहो, भविष्याचे गोडवे गाणारे निबंध विद्यार्थ्यांकडून अवश्य लिहून घ्या. फक्त एक प्रश्न त्यांना समासात लिहायला सांगा: हे यंत्र अंगावरून काढण्याचा अधिकार कुणाला आहे? उत्तर 'घालणाऱ्याला' असेल, तर आपण सगळे मिळून हसू. नसेल, तर आधी त्या घालणाऱ्याचे ऐकू.