‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले की लगेच हो म्हणू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या सोसायटीचा, दुकानाचा किंवा क्लासचा सगळा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरवर बसलाय, त्यांनी पूर्ण वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. म्हणजे दहा चालायचं थांबलं नाही, फक्त सुरक्षेचे फुकट अपडेट थांबले. पण गावात बातमी पोहोचली ती "दहा बंद होणार, अकरा टाका" अशी. तेव्हापासून नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली कुठेही जा, एक तक्रार हमखास ऐकू येते. अकरा टाकायला घेतलं आणि मशीन चालूच होत नाही. पंखा फिरतो, लाईट लागते, कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, की बूट डिव्हाइस सापडत नाही. मग सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून दुकानात. तिथे दोन मिनिटांत निकाल: "फॉरमॅट मारावा लागेल."

माझं म्हणणं सरळ आहे. यातल्या बऱ्याच केसमध्ये डेटा जागच्या जागी असतो. शेवटी करायचा उपाय आपल्याकडे पहिला झालाय, आणि आपणही मान डोलावतो.

आता बघा, होतं काय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१४-१५ च्या मशीनवर दहा बहुतेक वेळा जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणीही जुनी, म्हणजे एमबीआर. ‘तुमचा पीसी अकराला चालणार नाही’ असा मेसेज आला की कोणीतरी बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद करतं आणि यूईएफआय चालू करतं. आता यूईएफआय जीपीटी मांडणीची डिस्क शोधतं, समोर असते एमबीआर. त्याला विंडोज दिसतच नाही. डिस्क धडधाकट, फायली धडधाकट, फक्त दार बदललं आणि किल्ली जुनीच राहिली.

यावरचा पहिला उपाय काय? बायोसमध्ये जाऊन ते सेटिंग परत लेगसीवर आणणं. बस. मशीन पूर्वीसारखं दहावर चालू होतं. मग शांतपणे सगळ्या फायलींची कॉपी काढायची, विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने मांडणी बदलायची, त्यानंतर यूईएफआय. हा क्रम उलटा झाला की मशीन अडलं. अकरा टाकून झालं, चालू झालं, पण मग रखडायला लागलं, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून मागे जाता येतं. त्यासाठीच ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर असतो. तो ‘जागा खातोय’ म्हणून पहिल्याच दिवशी डिलीट करणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत.

काही मशीन मात्र खरंच चालणार नाहीत. अकराच्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना लागतात, त्या कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनमध्ये नसतात. तपासणी चुकवून, जुगाड करून अकरा घातलं असेल तर अशा मशीनवर पुढची आवृत्ती बूटच होत नाही. तिथे भांडून उपयोग नाही.

आता महत्त्वाचं, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. नवीन लॅपटॉपवर अकरा टाकताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरवाली. नंतर बायोसमध्ये काही बदललं की पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की असते कुठे? ज्याच्या खात्याने लॉगिन केलं त्याच्या खात्यात. आणि आपल्याकडे लॉगिन कोणाच्या खात्याने होतं? "सर, घाई आहे, माझाच मेल आयडी टाकतो." झालं! सोसायटीच्या दहा वर्षांच्या हिशेबाची किल्ली दुकानातल्या पोराच्या मेलमध्ये. तो पोरगा उद्या दुसरीकडे कामाला गेला तर? ती की नसेल तर डेटा दुकानदार काढू शकत नाही, कंपनीही काढून देत नाही.

फॉरमॅटनंतरचा दुसरा धक्का खास आपला, मराठी माणसाचा. जुनी इतिवृत्तं, नोटिसा, ठराव कशात टाईप केलेत? श्रीलिपीत, नाहीतर आयएसएमच्या डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये. ते युनिकोड नाही. डी ड्राईव्हवरची फाईल वाचली म्हणून आनंद होतो, उघडून बघितली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भाजीपाला. फॉन्ट सी ड्राईव्हबरोबर गेला. सॉफ्टवेअरची सीडी कपाटात असलीच तर सीडी ड्राईव्ह नाही, आणि डाँगल कोणाकडे आहे ते माजी सेक्रेटरींनाच ठाऊक. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही भानगड कळणारसुद्धा नाही. म्हणून अपग्रेडच्या आधी फॉन्ट फोल्डरची कॉपी, आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ. जमलं तर युनिकोडमध्ये रूपांतर.

दुकानदारांना मी सरसकट दोष देत नाही. फॉरमॅटचे ठरलेले पैसे मिळतात. तासभर बसून कारण शोधलं तर त्याचे कोण देतं? "नुसतं सेटिंग बदललं, त्याचे तीनशे?" असं आपणच विचारतो. निदानाचे पैसे द्यायची सवय लावली नाही तर समोरचा तोडून नवीन बसवणारच. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतोच ना?

आणि हे फक्त गल्लीतलं अज्ञान आहे असंही नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राईकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले, आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा उपाय काय होता? असंख्य ठिकाणी माणसाने मशीनपुढे बसून सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाईल काढायची. फॉरमॅट नाही. जिथे बिटलॉकरची की हाताशी होती तिथे काम पटकन झालं, नव्हती तिथे लोक अडकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्याच अपडेटने अकराच्या रिकव्हरी स्क्रीनमध्ये यूएसबी कीबोर्ड-माऊस चालेनासे झाले. काही दिवसांत तातडीचा दुसरा अपडेट काढावा लागला. एवढी मोठी कंपनी चुकते, तर आपल्या मशीनची कॉपी आपल्याकडे नको?

म्हणून ज्यांच्याकडे लोकांचे कागद आहेत त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. घरातले फोटो गेले तर तुमचं नुकसान. पण पतपेढी, सोसायटी, ग्रामपंचायत यांचा रेकॉर्ड गेला तर नुकसान सभासदाचं. आपल्या भागात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची कागदपत्रं, वारसांची नावं, जुने पत्रव्यवहार अशाच एखाद्या मशीनवर स्कॅन करून ठेवलेले असतात. "कॉम्प्युटर उडाला, देता येणार नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. कॉपी कुठे आहे, ती शेवटची कधी काढली आणि उघडून कोणी बघितली, हे तीन प्रश्न विचारा.

जुनं मशीन लगेच भंगारातही काढू नका. दहासाठी वर्षभराची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. नुसती टायपिंग, मेल आणि पोर्टलवर फॉर्म भरणं एवढंच काम असेल तर लिनक्स चालतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावरच चालतात. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. त्या विषयपत्रिकेवर एक विषय टाकायला सांगा: सोसायटीच्या कॉम्प्युटरचं लॉगिन सोसायटीच्या स्वतःच्या मेल आयडीवर करणे, रिकव्हरी की कागदावर छापून पाकिटात, शेअर सर्टिफिकेटच्या कपाटात ठेवणे आणि दर महिन्याला एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी. खर्च हार्डडिस्कचाच. कोणाच्या सोसायटीत असा ठराव आधीच झाला असेल तर त्याचा मजकूर कॉमेंटमध्ये टाका, बाकीच्यांना तयार मिळेल.