नाव परतले, रूप हरवले
मध्यम आकाराच्या मोटारीत दांडगे इंजिन बसवून अमेरिकेच्या पॉन्टिअ‍ॅकने १९६४ साली ‘जीटीओ’ घडविली आणि ‘मसल कार’चे युग बहरले. १९७४नंतर लुप्त झालेले हे नाव जनरल मोटर्सने २००४मध्ये ऑस्ट्रेलियात तयार होणाऱ्या होल्डन मोनारो मोटारीस बहाल केले. मोटारशौकिनांची मने द्विधा झाली. ३५० अश्वशक्तीचे इंजिन भावले. सौम्य, गुळगुळीत रूप मात्र अनेकांच्या पचनी पडले नाही. परकेपणाचा आक्षेप व्यर्थच, कारण मूळ नावही इटलीच्या फेरारीकडून उसने घेतलेले! खरा सल असा की, वाडवडिलांचे नाव लावताना कंपनीने त्यांच्या चेहऱ्याची ओळख जेमतेमच राखली. २००५मध्ये बॉनेटवर हवेचे झरोके आणि ४०० अश्वशक्ती आली. विक्री तरीही अपेक्षेस उतरली नाही. २००६मध्ये उत्पादन थांबले.