निर्देशांकाची सरासरी आणि आमची उधारीची वही



दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याचा आकडा जाहीर होतो आणि बोरसीतल्या आमच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो: किराणा एवढा वाढला, मग भत्ता एवढाच कसा? उत्तर हिशेबाच्या रीतीत आहे.

श्रम ब्युरो भिलाईसह 88 केंद्रांतील ठराविक दुकानांतून भाव गोळा करतो. सप्टेंबर 2020 च्या निर्देशांकापासून 2016 हे पायाभूत वर्ष धरलेली नवी मालिका लागू झाली. तिच्यात साधी सरासरी जाऊन भूमितीमध्य आला. समजा, तूरडाळ दोन दुकानांत शंभर रुपये होती. एकात भाव तोच राहिला, दुसऱ्यात 144 झाला. साधी सरासरी 122, वाढ 22 टक्के. आता 100 आणि 144 चा गुणाकार करून वर्गमूळ काढा: 120. वाढ 20 टक्के! भाववाढ असमान असली की भूमितीमध्य नेहमी कमीच येतो. हे मॅट्रिकच्या गणितात बसते.

तज्ज्ञ सांगतात, गिऱ्हाईक स्वस्त दुकानाकडे वळते. वळते, पण ज्याच्या खिशात रोकड आहे तेच! ज्याची उधारीची वही एका दुकानात अडकली आहे, तो महिनाअखेरीला 144 चीच डाळ आणतो. त्याच्यासाठी कसली सरासरी?

त्यातच अन्नाचा भार 46.2 वरून 39.17 वर आणला. कुटुंब-खर्चाच्या पाहणीतून तो निघाला, असे उत्तर मिळते. पण ती पाहणीही सरासरीच! ज्याची निम्मी मजुरी पोटातच जाते, त्या ठेक्यावरच्या सफाई कामगाराचा बदलता महागाई भत्ताही याच निर्देशांकावर ठरतो.

निर्देशांक म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. 1963 साली मुंबईच्या कामगारांनी त्याला आव्हान दिले, तेव्हा सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि मुंबईच्या निर्देशांकातले दोष चव्हाट्यावर आले.

म्हणून आमच्या मागण्या: दुकानवार भाव जाहीर करा. भावतपासणीत कामगार प्रतिनिधी घ्या. कमी पगाराच्या कामगारांसाठी अन्नाचा भार वेगळा मोजा.

आणि सभासदांनो, नुसत्या घोषणांनी भागणार नाही. दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच दुकानातला, त्याच मालाचा भाव वहीत लिहा आणि शाखेत आणून द्या. त्यांच्या आकड्याला आपल्या आकड्यानेच उत्तर देऊ.

कामगार एकजुटीचा विजय असो!