चोरकप्पा कोणाला ठाऊक असावा?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक तंटा हटकून उभा राहतो. माळ्यावरून एक गंजकी ट्रंक खाली येते. तिच्यातून करवत, रंधा, पटाशी, दोन-तीन कानशी आणि मूठभर वाकडे खिळे निघतात, आणि गृहिणी विचारते, "हे भंगार यंदा तरी जाणार का?" यजमान ऐकू न आल्यासारखे करतात. ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते. हा तंटा ज्या घरी कायमचा मिटला, त्या घराची हकीकत यंदाच्या दिवाळी अंकात सांगावी म्हणतो. ती सांगता सांगता कामाचे टेबल कसे करावे, तेही सांगून होईल.

माजिवड्याला पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. त्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आमची इमारत आहे. शेजारच्या बिऱ्हाडात नाना राहतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तिथल्याच एका कारखान्यात नानांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली. पुढे कारखाना बंद झाला. नानांनी घरी आणली ती स्वतःच्या पगारातून घेतलेली हत्यारे. माणसाने पदके जपावीत तशी ते ती जपत.

एके दिवशी त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाने पेन्सिलीला टोक काढायला ट्रंकेतली पटाशी घेतली. बोटाला तीन टाके पडले. त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, आता ह्यांना तुम्हीच सांगा. घरात एकतर ती ट्रंक राहील, नाहीतर मी."

मी नानांना एवढेच म्हटले, "नाना, हत्यारे विकू नका, पण उघडीही ठेवू नका. गॅलरीत कुलपाचे टेबल करा."

आपला परंपरेचा सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायांनी दाबून धरून काम करतो. तो त्याच्या सरावाचा भाग आहे. साठी उलटलेल्या गृहस्थाने मात्र उभ्यानेच काम करावे, म्हणजे पाठ आणि गुडघे दुवा देतील. टेबलाच्या उंचीचा ठोकताळा सोपा आहे. ताठ उभे राहून हात खाली सोडावेत, मनगट जिथे येईल तिथे टेबलाचा पृष्ठभाग असावा. नाना पाच फूट पाच इंच, म्हणून टेबल ३२ इंच उंच झाले. लांबी ४ फूट, रुंदी २ फूट. फळीसाठी पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर डिंकाने चिकटवून, शिकंज्यांत रात्रभर दाबून ठेवले. गॅलरीत पावसाची झड येते, तेव्हा 'आयएस ७१०' असा छाप असलेले पाण्यात टिकणारे प्लायवूडच घ्यावे. डाव्या बाजूला तीन इंच चौरस सागवानी पाय, आणि शेगडा बसवायचा तो बरोबर त्या पायावर. ठोकाठोकीचा भार पायातून जमिनीत गेला पाहिजे. टेबल सरकू नये म्हणून मागे दोन लोखंडी कोनपट्ट्यांनी ते भिंतीला जखडावे.

उजव्या बाजूला पायांऐवजी १८ इंच रुंदीचे कपाट केले, त्यात तीन खण. प्रत्येक खणाला वेगळे कुलूप लावले तर तीन किल्ल्या होतात, आणि तीन किल्ल्या म्हणजे तीन वेळा हरवणे! त्यावर एक जुनी युक्ती आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात 'वेलिंग्टन चेस्ट' नावाची खणांची कपाटे होत. त्यांच्या एका कडेला बिजागरीवर फिरणारी उभी पट्टी असे. ती मिटली की सगळ्या खणांच्या कडा झाकल्या जात आणि एका कुलपात सारे खण बंद होत. आम्ही दोन इंच रुंदीची सागवानी पट्टी बसवली आणि मधोमध एकच कडीकोयंडा. पट्टी मिटल्यावर बिजागरीचे स्क्रू दिसता कामा नयेत. ते दिसले तर चोर कुलपाला हातही न लावता पेचकसाने पट्टी उतरवील.

आता चोरकप्पा. हा शब्दच आपल्याकडे किती जुना आणि आपलासा आहे! जुन्या पेटाऱ्यांत तो असे, आणि आजही शिंपी खिशाच्या आत तो शिवतात. नानांना आपली मापाची नाजूक हत्यारे त्यात ठेवायची होती. कपाटाचा तळ जमिनीपासून चार इंच वर घेतला, म्हणजे खाली पोकळी राहिली. तिच्यात तीन इंच उंचीचे एक उथळ तबक दोन बाजूच्या पट्ट्यांवर सरकते केले आणि त्याच्या तोंडाला कपाटाच्या पायपट्टीसारखी फळी लावली. ना मूठ, ना कडी. खालच्या कडेला बोट जाईल एवढीच फट, ती पाहणाऱ्याला फरशी पुसण्यासाठी ठेवलेली वाटते. तबकाला कुलूप नाही, तरी ते ओढले तर निघत नाही. कारण सर्वांत खालचा खण पूर्ण बाहेर काढला की कपाटाच्या तळाला एक भोक दिसते. त्यातून वरचे टोक वाकवलेली लोखंडी सळई खाली सोडली आहे. ती तबकात, त्याच्या मागच्या भिंतीच्या अगदी पुढे उतरते. तबक ओढले की मागची भिंत सळईला अडते. सळई उपटली की तबक मोकळे होते. खण कुलपात, सळई खणाखाली, आणि तबक सळईच्या ताब्यात. एका किल्लीत सारा कारभार.

काही पथ्ये पाळावीत. हत्यारांना यंत्राचे तेल पुसून कापराच्या दोन वड्या बरोबर ठेवाव्यात, गंज कमी धरतो. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे मात्र बंद कप्प्यात कधीही कोंबू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. थिनर, स्पिरिटही तिथे नको. आणि लाकडी कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे, हे विसरू नये. कुलूप चोराला थांबवीत नाही, त्याचा वेळ खाते. लंडनच्या एका दुकानात ब्रामाचे कुलूप आव्हान म्हणून वर्षानुवर्षे मांडलेले होते. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलेच, पण त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. आपल्या कडीकोयंड्याला पहारीपुढे एक मिनिटही लागणार नाही. म्हणून दागिने बँकेतच बरे.

टेबल झाले, वहिनींचा राग उतरला, नातवाचे बोट बरे झाले. इथे लेख संपायचा. पण पुढल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता वहिनींनी आमचे दार ठोठावले. नानांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. इस्पितळात त्यांच्या विम्याचे कागद मागितले. वहिनी घरी येऊन शोधू लागल्या. कपाट, गाद्यांखाली, देवघर, कुठे नाही. नानांच्या करदोट्याची किल्ली घेऊन मी तिन्ही खण उघडले. हत्यारे होती, कागद नव्हते. मी लाकूड कापायला मदत केली होती, पण तबक बसवताना नानांनी मला चहाला घरी पाठवले होते! चोरकप्पा कुठे आहे ते जगात एकट्या नानांना ठाऊक, आणि नाना बोलू शकत नव्हते.

गडबडीने नातू जागा झाला. डोळे चोळीत म्हणाला, "आजोबा खालचा खण काढून तो लोखंडी खिळा वर ओढतात. मग पायाखालचे दार येते." ज्याच्यापासून हत्यारे लपवायची म्हणून हा सारा खटाटोप केला, त्याच पोराने दाराआडून सर्व पाहिले होते. पाच मिनिटांत कागद हातात आले. वहिनी त्याला पोटाशी धरून रडल्या, आणि मग इस्पितळाकडे धावल्या.

नाना वाचले. हात अजून थोडा थरथरतो, बोलणे सावकाश आहे. पण त्यांनी घरात एक नेम घातला आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी सगळ्यांच्या समोर खालचा खण निघतो, सळई उपटली जाते, तबक बाहेर येते. वहिनी हत्यारांना हळदकुंकू लावतात, नाना तेल पुसतात, आणि वाळवी वा गंज धरला आहे का तेही त्याच वेळी पाहिले जाते. कागद आता तिथे नसतात. ते वहिनींच्या कपाटात असतात. किल्लीची जोडही त्यांच्याकडेच.

यंदा पूजेला मी गेलो होतो. नातू आता नऊ वर्षांचा आहे. नानांनी त्याच्या हाती तीच पटाशी दिली आणि त्याच्या मुठीवर आपला थरथरता हात ठेवून लाकडाचा पहिला ढलपा काढायला शिकवले. वहिनी दारात उभ्या होत्या. मी सहज विचारले, "काय वहिनी, भंगारवाल्याला बोलावू का?"

"बोलवा की," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेसाठी!"

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत टेबल जरूर करा. चोरकप्पाही करा. फक्त त्याचा ठाव घरातल्या निदान एका माणसाला आजच सांगून ठेवा.