गायनवृंद ब्रिटनला, पाहुणा विद्यार्थी घरी

ब्रिटनचे पंतप्रधान कीअर स्टार्मर आणि जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्झ यांनी १७ जुलै २०२५ रोजी लंडनमध्ये मैत्रीकरारावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा वृत्तपत्रांचे मथळे साहजिकच संरक्षण आणि बेकायदा स्थलांतर या विषयांनी व्यापले. त्याच वेळी मान्य झालेल्या एका छोट्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जर्मनीतील शाळांच्या सहलीच्या गटांना व्हिसाविना ब्रिटनमध्ये येता यावे, अशी व्यवस्था करण्याचे ब्रिटनने कबूल केले आणि त्यासाठी २०२५च्या अखेरची मुदतही ठरली.

वरवर पाहता हे विचित्रच वाटते. जर्मन नागरिकाला छोट्या भेटीसाठी ब्रिटनचा व्हिसा ब्रेक्झिटपूर्वी लागत नव्हता आणि ब्रेक्झिटनंतरही लागत नाही. मग ही सवलत कोणासाठी? वर्गातील ज्या मुलांच्या हाती जर्मन पासपोर्ट नाही, त्यांच्यासाठी. त्यात तुर्की वा सीरियन कुटुंबांतील मुले आहेत, अलीकडे नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या भारतीयांची मुले आहेत आणि एका शैक्षणिक वर्षापुरता आलेला एखादा विनिमय विद्यार्थीही आहे. रोटरी किंवा 'एएफएस' यांसारख्या संस्थांमार्फत महाराष्ट्रातूनही पंधरा ते अठरा वर्षांची मुले अशी परदेशी जातात, यजमान कुटुंबात राहतात आणि तिथल्या शाळेत बसतात.

समजा, पुण्याची अशी एक मुलगी जर्मनीतील शाळेत गेली. भाषा अजून नीट बोलता येत नाही. अशा वेळी शाळेचा गायनवृंद हा तिला सर्वांत सोपा आधार ठरतो, कारण शब्द अडखळले तरी सूर जुळवता येतो. आपल्याकडील शालेय समूहगीतात सारी मुले बहुधा एकच चाल एका सुरात गातात. युरोपीय गायनवृंदात मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार फळ्या असतात आणि प्रत्येक फळीची चाल वेगळी असते. गोव्यात चर्चच्या गायनवृंदात वाढलेल्या मुलांना यात काही नवे नाही. पुण्याच्या मुलीला मात्र शेजारचा आवाज कानावर घेऊनही आपलीच ओळ धरून ठेवायला काही महिने शिकावे लागते. वसंत ऋतूत गायनवृंद इंग्लंडमधील जोडशाळेत गायला निघतो, तोवर ती आल्टोच्या फळीत पक्की झालेली असते.

आणि नेमके इथेच तिला थांबावे लागते. तिच्याकडे जर्मनीत राहण्याचा परवाना आहे. त्यावर ती पॅरिसला जाऊ शकते, रोमलाही जाऊ शकते. ब्रिटन मात्र शेंगेन व्यवस्थेत कधीच नव्हते आणि भारतीय पासपोर्टधारकाला तिथे जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी शंभर पौंडांहून अधिक शुल्क, ठरावीक शहरातील केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि निर्णयासाठी साधारणपणे तीन आठवड्यांची प्रतीक्षा. मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने आईवडिलांचे संमतिपत्र हवे. आईवडील पुण्यात, यजमान पालक जर्मनीत, जायचे तिसऱ्याच देशात. चार दिवसांच्या सहलीसाठी हा सारा खटाटोप! शिवाय व्हिसा मिळेलच, याची हमी कोणी देत नाही.

संग्रहालय पाहायला निघालेल्या वर्गातून एक मूल गळाले, तर दुःख त्या मुलाचे असते. गायनवृंदातून एक आवाज गेला, तर उणीव साऱ्यांनाच जाणवते. त्यामुळे शिक्षकांपुढे दोनच मार्ग उरतात: तिला मागे ठेवायचे किंवा सहलच दुसरीकडे न्यायची. इंग्रजी ऐकायला-बोलायला मिळावे एवढाच हेतू असेल, तर आयर्लंड आणि माल्टा हे युरोपीय संघातले दोन देश आहेतच. जोडशाळेतील मैत्री मात्र तिकडे हलवता येत नाही.

ही अडचण नवी आहे आणि ती निर्माण केलेली आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. युरोपीय संघाने ३० नोव्हेंबर १९९४ रोजीच यावर तोडगा काढला होता. सदस्यदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे नाव शाळेने प्रवाशांच्या यादीत घालावे, त्यावर छायाचित्र लावावे, संबंधित अधिकाऱ्यांनी शिक्का मारावा आणि शिक्षकांसोबत त्या मुलाने दुसऱ्या सदस्यदेशात व्हिसाविना जावे, अशी ती साधी योजना होती. वर्ग हा एकत्रच प्रवास करतो, हे तत्त्व त्या एका कागदाने मान्य केले होते. ब्रिटनही या योजनेत होते. संघाबाहेर पडल्यावर ही यादी तिथे निरुपयोगी झाली. पाठोपाठ १ ऑक्टोबर २०२१पासून युरोपीय पर्यटकांची राष्ट्रीय ओळखपत्रेही ब्रिटनने नाकारली. फ्रान्स-जर्मनीतील कित्येक मुलांकडे केवळ ओळखपत्र असते, पासपोर्ट नसतो. त्यामुळे अडलेल्यांची संख्या एकदम वाढली.

ब्रिटिश सरकारचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सीमेवर पकडल्या जाणाऱ्या बनावट कागदपत्रांत जवळजवळ निम्मा वाटा युरोपीय ओळखपत्रांचा होता, असा दाखला गृहखात्याने त्या वेळी दिला. परंतु शिक्षकांच्या देखरेखीखाली येणारी, चार दिवसांनी परत जाणारी शाळकरी मुले आणि बनावट कागदांवर घुसणारी टोळी यांना एकच चाळणी लावावी का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते पुढे ब्रिटनलाच द्यावे लागले. ऋषी सुनक आणि इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या मार्च २०२३मधील भेटीनंतर फ्रान्समधील शाळांसाठी २८ डिसेंबर २०२३पासून सवलत सुरू झाली. किमान पाच विद्यार्थ्यांचा गट, अठरा वा त्याहून कमी वय आणि शाळेने भरलेला एक अर्ज एवढ्यावर युरोपीय मुलांना ओळखपत्र चालते आणि इतर देशांच्या मुलांना पासपोर्ट असल्यास व्हिसा लागत नाही. म्हणजे १९९४ची यादीच वेगळ्या नावाने परत आली. फक्त एकेका देशापुरती.

खरी मेख या 'एकेका देशापुरती'त आहे. फ्रान्सने आग्रह धरला म्हणून फ्रान्सला मिळाले, जर्मनीने धरला म्हणून जर्मनीला कबूल झाले. पुण्याची मुलगी इटलीत किंवा डेन्मार्कमध्ये राहायला गेली, तर तिच्या पदरी काय? पासपोर्ट तोच, वय तेच, गाणेही कदाचित तेच. उलट दिशेने पाहिले तर चित्र आणखी विस्कळीत आहे. ब्रिटनमधील शाळेत शिकणाऱ्या भारतीय पासपोर्टच्या मुलाला वर्गासोबत युरोपात व्हिसाविना येऊ द्यायचे की नाही, हे युरोपीय संघाने आपल्या नियमांत ज्या-त्या सदस्यदेशाच्या मर्जीवर सोडले आहे. दोष एकट्या लंडनचा नाही, तो असा.

युद्धातून उठलेल्या युरोपने या बाबतीत अधिक धाडस दाखवले होते. युद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या 'एएफएस' या संघटनेने १९४७मध्ये शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. त्याच वर्षी वेल्समधील लँगोलेन या छोट्या गावी आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरू लागला. १९४९मध्ये तिथे जर्मनीतील ल्यूबेक शहराचा गायनवृंद आला. युद्ध संपून अवघी चार वर्षे झाली होती, प्रेक्षकांत घरची माणसे गमावलेले लोक बसले होते. तरी त्या पाहुण्यांची ओळख मित्र म्हणून करून देण्यात आली आणि त्यांचे स्वागत झाले. १९५५मध्ये इटलीतील मोडेनाचा गायनवृंद तिथे पहिला आला. त्यात वडिलांच्या सोबतीने गाणारा एकोणीस वर्षांचा एक तरुण होता, लुचियानो पाव्हारॉत्ती. त्या विजयाने आपल्या गायकीला दिशा दिली, असे तो पुढे आवर्जून सांगत असे.

डिसेंबर २०२५मध्ये ब्रिटनने २०२७पासून 'इरॅस्मस प्लस' या युरोपीय योजनेत परतण्याचे जाहीर केले. तिचा लाभ विद्यापीठांपुरता मर्यादित नसून शाळांनाही होतो, त्यामुळे हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र 'इरॅस्मस' प्रवासाचा खर्च देते. सीमेवरचा व्हिसा माफ करणे तिच्या हाती नाही. फ्रान्ससाठी तयार झालेला अर्ज साऱ्या युरोपीय शाळांना लागू करायला फार मोठ्या वाटाघाटींची गरज नाही. तो नमुना तयार आहे आणि वापरातही आहे.

तोवर संगीतशिक्षकांना आपले वेळापत्रक सांभाळून चालावे लागेल. विनिमय विद्यार्थी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परततो. सहलीची तिकिटे आणि जोडशाळेची तारीख मात्र अनेकदा त्याआधीच ठरलेली असते. येणारा पाहुणा कोणत्या देशाचा, हे कळण्याच्याही आधी.