छेद विचारणारी पिढी

शाळेच्या स्मरणिकेत अपूर्णांकांवर लिहावे, तेही इतिहासाच्या शिक्षकाने, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय केवळ गणिताच्या तासाचा नाही, असे आमचे मत आहे. वाटा किती आणि तो कशाचा, हे प्रश्न ज्या समाजाला शतकानुशतके विचारू दिले गेले नाहीत, त्या समाजाच्या मुलांनी ते शाळेतच विचारायला शिकले पाहिजे.

पूर्णांकाचे रूपांतर करताना विद्यार्थी ७ = ७/१ असे लिहितो आणि पुढे जातो. खरे तर येथेच थांबायला हवे. सातखालचा एक आधीही होता. तो लिहिला जात नव्हता, इतकेच. दशांशातही छेद नजरेआड असतो. ०.४ चा छेद १०, ०.१५ चा छेद १००. तो न दिसल्यामुळे, पंधरा चारांहून मोठे या हिशेबाने मुले ०.१५ मोठे ठरवतात. ४०/१०० आणि १५/१०० शेजारी मांडले की त्यांचे त्यांनाच उमगते.

वहीत ही चूक एका गुणाची असते; सातबाऱ्यावर ती जमिनीची होते. ०.४० हेक्टर म्हणजे २/५ हेक्टर, ४० आर, सुमारे एक एकर. ०.०४ हेक्टर म्हणजे १/२५ हेक्टर, ४ आर, सुमारे चार गुंठे. एक शून्य सरकले की एकराचे चार गुंठे होतात. आपल्या विद्यार्थ्याने आईवडिलांना उतारा असा उलगडून सांगावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

अंतराचेही तसेच. ७५० मीटर म्हणजे ७५०/१००० किलोमीटर, म्हणजेच ३/४, पाऊण. २.७५ किलोमीटर म्हणजे ११/४, पावणेतीन. पावकी, निमकी, औटकी घोकून घेणाऱ्या पंतोजींच्या शाळांची दारे आपल्या पूर्वजांना बंद होती. त्या घोकंपट्टीचे आम्हाला अप्रूप नाही. मात्र पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या आयाबायांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. शिक्षकाने तेथूनच सुरुवात करावी.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीला सांगतो. त्यांचा हिशेब मात्र मुलांपुढे मांडत नाही. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की, जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या आकारावरून ठरत नाही. भांडवल, श्रम आणि जमीन यांच्या प्रमाणावरून ठरते. त्यांनी नुसती संख्या न पाहता गुणोत्तर पाहिले. आपल्या वर्गात हे सोप्या उदाहरणाने सांगता येईल. बारा एकर वतनी जमीन चार भावांत वाटली, प्रत्येकाच्या चार मुलांत आणि त्यांच्याही प्रत्येकी तीन मुलांत वाटली, तर वाट्याला येतात १२/४८, म्हणजे १/४ एकर, दहा गुंठे. घराण्याचा अंश बाराच राहिला. छेद वाढत गेला. १/८ हा १/४ पेक्षा लहान का, हे ज्याला पटत नाही त्याला हा वाटपाचा हिशेब पटतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता : राजकारणात प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात ते मूल्य नाकारले जात राहील. राजकारणात माणूस १/१ झाला. इतरत्र तो पाव की निम्मा, हे आजही मोजावे लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. अपूर्णांकाचे उत्तर तपासताना शिक्षकांनी ‘किती’ विचारून थांबू नये, ‘कशाचा’ हेही विचारावे. पालकांनी घरात आणि माजी विद्यार्थ्यांनी वस्तीतील अभ्यासिकेत तेच करावे. कोणी केवळ अंश सांगून आपली समजूत घालू लागला, तर त्याला शांतपणे छेद विचारणारी पिढी या शाळेतून बाहेर पडो.