पिवळे पान आणि छातीचा फोटो



शिरपूर शिवारात सोयाबीन पिवळे पडले, तर लोह कमी की मोझॅक, हे नुसत्या रंगावरून ठरवू नये. छातीच्या फोटोचेही तसेच. मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्यूअर एआय कंपनीने पुष्कळ फोटो दाखवून संगणकाला क्षयाच्या खुणा ओळखायला शिकविले. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी संगणकाच्या अशा वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. तरी संगणक संशय सांगतो. खात्री थुंकीच्या तपासणीने होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर ‘सोंगणी झाल्यावर बघू’ म्हणू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे. बरे वाटले तरी औषध अर्ध्यावर सोडू नका.